जुन्या ताऱ्यांची साक्ष

जुन्या पोथ्यांचा काळ ठरविण्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. दोन पोथ्या समोर ठेवून त्यांतील कोणती आधींची व कोणती नंतरची हें सांगणें पुष्कळदां शक्य असतें; परंतु त्यांपैकीं एकीचा शक सांगा म्हटलें कीं चांगल्या चांगल्या पंडितांची वाणी अडखळते. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं शके १२१२ चा उल्लेख आहे, म्हणून तिच्या काळाच्या विचाराला एक पाया लाभला. ज्या ग्रंथाला असा उल्लेख नाहीं त्याच्या बाबतींत अक्षराचें वळण, शब्दांचीं रूपें, कागद आणि शाई यांवरून नुसता क्रम लावावा लागतो. आकाशांतील ताऱ्यांना पुष्पिका नसते. तरीहि गेलीं सत्तर वर्षें ज्योतिर्विद् त्यांचीं वयें सांगत आले आहेत, आणि अलीकडे तर तीं शेंकडा पांच-सहा इतक्याच अनिश्चिततेनें सांगूं लागले आहेत. हे आंकडे कसे निघतात, त्यांतील कोणते स्वतःच्या बळावर उभे आहेत व कोणते उसनवारीवर, आणि ज्या भाषेंत ते मांडले जातात ती भाषा त्यांच्याशीं कितपत प्रामाणिक राहते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखांत करावयाची आहे. विषय शास्त्राचा असला तरी प्रश्न वाचनाचा आहे. तेव्हां वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत तो मांडण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

आपल्या आकाशगंगेभोंवतीं दीडशेहून अधिक गोलाकार तारकागुच्छ विखुरलेले आहेत. एकेका गुच्छांत लाखों तारे मोहोळावरील माशांप्रमाणें दाटलेले असतात. त्यांतला सर्वांत तेजस्वी, नरतुरंग तारकासमूहांतील ओमेगा सेंटॉरी, हा वैशाखाच्या अंधाऱ्या रात्रीं महाराष्ट्रांतूनहि दक्षिण क्षितिजाच्या बाजूस धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. वॉल्टर बाडे यांनीं युद्धकाळांत, लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंद केलेले असतां, माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणींतून देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यांतील तारे सुटे सुटे करून पाहिले, आणि ताऱ्यांच्या दोन जाती आहेत असें १९४४ सालीं प्रतिपादन केलें. एक जात दीर्घिकांच्या चकतींतली, निळ्या तेजस्वी ताऱ्यांवरून ओळखूं येणारी. दुसरी गोलाकार गुच्छांतली व दीर्घिकांच्या गाभ्यांतली, जिच्यांत सर्वांत तेजस्वी तारे तांबडे असतात. ही दुसरी जात म्हातारी आहे हें पुढें ठरलें. किती म्हातारी, हाच आपला प्रश्न.

उत्तराची रीत मोठी सुंदर आहे. तारा जितका जड तितका तो उधळा. सूर्याच्या दसपट वस्तुमानाचा तारा आपलें इंधन दोन-तीन कोटी वर्षांत संपवितो. सूर्याला तेंच सुमारें दहा अब्ज वर्षें पुरतें. सूर्याहून हलका तारा त्याहूनहि काटकसरी. गुच्छांतील सर्व तारे एकाच वेळीं जन्मले असें मानलें तर आज त्यांतील कोणते संपले व कोणते अजून शाबूत आहेत यावरून जन्मकाल काढतां येतो. पंगतींतून कोण कोण उठले आणि कोण अजून भात कालवीत बसले आहेत हें पाहून पंगत केव्हां बसली याचा अदमास बांधावा, त्यासारखेंच हें आहे. ताऱ्यांचा रंग आडव्या अक्षावर व तेज उभ्या अक्षावर मांडलें म्हणजे निरोगी ताऱ्यांची एक तिरपी रेघ उमटते. वरचा भाग रिकामा झालेला असतो, आणि जेथें ती रेघ तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडे वळते त्या वळणबिंदूवरचा तारा हा नुकताच हात धुवायला उठलेला जेवणारा. जुन्या गुच्छांत त्याचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें आठ-दशांश भरतें. ॲलन सँडेज आणि मार्टिन श्वार्त्सशिल्ड यांनीं १९५२ सालीं या वळणाचा अर्थ लावला, आणि १९५५ सालीं फ्रेड हॉइल व श्वार्त्सशिल्ड यांनीं गणित करून अशा गुच्छांचें वय सुमारें ६.२ अब्ज वर्षें ठरविलें. आज तोच आंकडा त्याच्या दुपटीच्या घरांत आहे. तारे तेच, वळण तेंच. बदललीं तीं गृहीतें.

तेव्हां गृहीतांचा हिशोब आधीं मांडला पाहिजे. वळणबिंदूवरील तारा आपल्याला किती तेजस्वी दिसतो हें दुर्बीण सांगते. तो वस्तुतः किती तेजस्वी आहे हें कळण्यास गुच्छाचें अंतर हवें. अंतरांत शेंकडा पांच चूक झाली तर वयांत शेंकडा दहा, म्हणजे एक अब्जाहून अधिक वर्षांची चूक होते. मध्यें धूळ असली तर ती तारा मंद आणि तांबडा करते. तिचाहि हिशोब करावयाचा. ताऱ्यांत प्राणवायूचें प्रमाण किती, हेलियम हळूहळू पोटांत किती खोल बसतें, तप्त वायूचें वरखालीं ढवळणें गणितांत कसें धरावें, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराबरोबर वय थोडें थोडें सरकतें. गणिताला यांत दोष देतां येत नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत या शतपथब्राह्मणांतील विधानावरून त्या भागाचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें असा काढला. त्यांच्या संपातगतीच्या गणिताशीं फारसा कोणीं वाद घातला नाहीं, वाद झाला तो ‘ढळत नाहींत’ याचा अर्थ किती काटेकोर घ्यावयाचा यावर. ताऱ्यांनीं ग्रंथाचें वय सांगावें यासाठीं त्या पंडितानें जो खटाटोप केला त्यांत आणि ताऱ्यांचेंच वय काढण्याच्या आजच्या खटाटोपांत दुखरी जागा एकच आहे. (त्या कृत्तिका स्वतः सुमारें बारा कोटी वर्षांच्या, आपल्या गोलाकार गुच्छांपुढें अगदींच तान्ह्या.)

यांतून सुटण्याची एक युक्ति आहे, आणि मला वाटतें या सर्व शास्त्रांतला तो सर्वांत प्रामाणिक भाग आहे. एका गुच्छाचें वय काढण्याऐवजीं दोन गुच्छांच्या वयांतील फरक काढावयाचा. प्रत्येक गुच्छांत वळणबिंदूच्या वर, जवळजवळ सारख्याच तेजाच्या ताऱ्यांची एक आडवी शाखा असते. ती शाखा आणि वळणबिंदु यांमधील तेजाचा फरक मोजला तर अंतर त्यांत येतच नाहीं, कारण दोघेहि सारखेच दूर आहेत. गुच्छ म्हातारा होतो तसा वळणबिंदु खालीं उतरतो व हा फरक वाढतो. तसेंच वळणबिंदूपासून राक्षसी शाखेच्या बुडापर्यंतचा रंगांतील फरक मोजला तर धुळीचा उपद्रव बव्हंशीं टळतो. जी चूक दोन्ही बाजूंस सारखीच आहे ती वजाबाकींत नाहींशी होते, हें व्यवहारांतील प्रत्येक वाण्याला ठाऊक असलेलें तत्त्व येथें उपयोगी पडलें.

एन. जी. सी. २८८ व एन. जी. सी. ३६२ हे दोन गुच्छ याचें नमुनेदार उदाहरण म्हणून नेहमीं पुढें येतात. दोघांत लोहादि जड मूलद्रव्यांचें प्रमाण जवळजवळ एकच. पण पहिल्याची आडवी शाखा निळी आणि दुसऱ्याची तांबडी. हा भेद वयाचा असावा असा तर्क होता. मायकेल बोल्टे यांनीं १९८९ सालीं ३६२ हा २८८ पेक्षां सुमारें तीन अब्ज वर्षांनीं धाकटा ठरविला. पुढें डॉन व्हँडेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं पंचावन्न गुच्छांचीं वयें एकाच पद्धतीनें काढलीं. त्यांत हा फरक पाऊण अब्जावर आला. क्रम टिकला, अंतर मात्र चौथाई उरलें. सापेक्ष वय म्हणजे ब्रह्मवाक्य, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें. परंतु त्याचबरोबर दुसरें एक उदाहरण ठेवलें म्हणजे तराजू कोणत्या बाजूस झुकतो तें दिसेल.

जळून गेलेल्या ताऱ्याचा जो निखारा उरतो त्याला श्वेतबटू म्हणतात. तो नवें इंधन जाळीत नाहीं, नुसता थंड होत जातो; म्हणून गुच्छांतील सर्वांत मंद श्वेतबटू किती निवाले आहेत यावरून वय काढण्याची अगदीं निराळी रीत निघाली. ब्रॅड हॅन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हबल दुर्बिणीच्या साह्यानें या रीतीनें २००७ सालीं एन. जी. सी. ६३९७ या गुच्छाचें वय ११.४७ अब्ज वर्षें काढलें, आणि २०१३ सालीं ‘४७ टुकाने’ या गुच्छाचें ९.९ अब्ज. वळणबिंदूच्या रीतीनें व्हँडेनबर्ग यांच्या यादींत याच दोघांचीं वयें अनुक्रमें १३ व ११.७५ अब्ज आहेत. प्रत्येक गुच्छाबद्दल दोन रीतींत दीड ते पावणेदोन अब्ज वर्षांचा तंटा. इतक्या काळांत पृथ्वीवर काय काय घडून गेलें हें आठवावें! पण दोन गुच्छांमधला फरक पाहिला तर एका रीतीनें तो सुमारें दीड ते दोन अब्ज व दुसऱ्या रीतीनें सव्वा अब्ज. ‘४७ टुकाने’ धाकटा, याबद्दल निखाऱ्याची साक्ष आणि पंगतीची साक्ष एकमुखी आहे. दोघे साक्षीदार सनाबद्दल भांडतात आणि क्रमाबद्दल सहमत होतात. असा साक्षीदार कोर्टांत कोणीं खोटा ठरविणार नाहीं. त्याला सन विचारूं नये, एवढेंच.

आणि क्रमानें काय साधलें म्हणाल तर पुष्कळ साधलें. हबल दुर्बिणीनें केलेल्या चौसष्ट गुच्छांच्या पाहणीवरून अँटोनियो मारिन-फ्रँक व इतरांनीं २००९ सालीं दाखविलें कीं गुच्छांचे दोन गट पडतात. एका गटांतील सर्व गुच्छ जवळजवळ समवयस्क, वयांतील पसारा शेंकडा पांचच्या आसपास. दुसऱ्या गटांत जसजशीं जड मूलद्रव्यें अधिक तसतसें वय कमी. हा दुसरा गट बाहेरून आलेल्या, आकाशगंगेनें गिळलेल्या लहान दीर्घिकांबरोबर आला असावा. म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या घरांत मूळचे कोण आणि आश्रित म्हणून आलेले कोण, याची वंशावळ या क्रमावरून लागूं लागली. या निष्कर्षाला ताऱ्यांचीं निरपेक्ष वयें बारा अब्ज कीं तेरा अब्ज याच्याशीं कर्तव्य नाहीं.

मग निरपेक्ष वयाचा एवढा हव्यास कां? कारण त्याच्याशीं एक मोठी फिर्याद जोडलेली आहे. एडविन हबल यांच्या १९२९ च्या मोजमापावरून विश्वाचें वय दोन अब्ज वर्षें येत होतें, आणि पृथ्वीवरील खडक त्याहून जुने निघत होते. आईपेक्षां मुलगी वडील, असा तो विनोद. बाडे यांनीं १९५२ सालीं रोम येथील परिषदेंत दीर्घिकांचीं अंतरें दुप्पट केलीं तेव्हां तो थोडा निवळला. पण १९९४ सालीं तो पुन्हां उभा राहिला. हबल दुर्बिणीच्या त्या वर्षींच्या मापनाप्रमाणें, आणि विश्वांत केवळ द्रव्यच आहे या तेव्हांच्या आवडत्या कल्पनेप्रमाणें, विश्वाचें वय सुमारें आठ अब्ज येत होतें. गुच्छांचें वय त्याच्या दीडपटीहून अधिक!

या प्रसंगीं ब्रायन चॅबॉयर, पिएर डेमार्क, पीटर कर्नन व लॉरेन्स क्राउस यांनीं १९९६ सालीं जो लेख लिहिला तो मी आदर्श मानतों, आणि प्रथम त्याच्या मथळ्यासाठीं. ‘विश्वाच्या वयाची खालची मर्यादा’ अशा अर्थाचा तो मथळा आहे. त्यांचें उत्तम अनुमान १४.५६ अब्ज होतें. पण लेखाचा भार त्यांनीं त्या आंकड्यावर टाकला नाहीं. सर्व गृहीतें शक्य त्या मर्यादेपर्यंत हलवून पाहिलीं आणि शेंकडा पंचाण्णव खात्रीनें वय १२.०७ अब्जांहून कमी नाहीं, एवढेंच म्हटलें. हिपार्कस उपग्रहानें जवळच्या ताऱ्यांचीं अंतरें नव्यानें दिल्यावर १९९८ सालीं त्याच चौघांनीं वय ११.५ अब्जांवर आणलें. दोन वर्षांत तीन अब्ज वर्षें उतरलीं, आणि त्यांनीं ज्या पायावर उभें राहून पहिली मर्यादा सांगितली होती तीहि खालीं आली. पण या दुसऱ्या लेखाच्या मथळ्याच्या शेवटीं ‘वयाचा प्रश्न सुटला काय?’ असें प्रश्नचिन्ह आहे. तें चिन्ह मला त्यांतील सर्व कोष्टकांहून अधिक बोलकें वाटतें. त्याच १९९८ सालीं दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचें दिसलें आणि विश्वाचें वय वर चढलें. तंटा मिटला. गुच्छांची साक्ष सारांशानें खरी होती. चुकला होता तो विश्वाचा आवडता आराखडा.

याच काळांत जयंत नारळीकर, हॉइल व जेफ्री बर्बिज यांनीं १९९३ सालीं आपला अर्धस्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला होता. त्याप्रमाणें विश्व पूर्वींच्या आवर्तनांतूनहि चालत आलेलें असल्यामुळें प्रचलित वयाहून कितीतरी जुने तारे कोठें तरी सांपडावयास हवेत. तसे तारे सांपडले नाहींत आणि तो सिद्धांत बहुसंख्यांनीं स्वीकारला नाहीं. तरी नारळीकरांच्या भूमिकेंतील एक मुद्दा त्या सिद्धांताबरोबर टाकून देण्याजोगा नाहीं: जुना तारा शोधावयाचा तर तो असणें शक्य नाहीं असें आधीं ठरवून शोधूं नये.

हा मुद्दा किती जिवंत आहे तें २०१३ च्या एका लेखावरून कळतें. तूळ राशींत सुमारें दोनशें प्रकाशवर्षांवर एच. डी. १४०२८३ नांवाचा एकटा तारा आहे. हॉवर्ड बाँड व सहकाऱ्यांनीं हबल दुर्बिणीनें त्याचें अंतर फार नाजूकपणें मोजलें आणि वय १४.४६ अब्ज वर्षें काढलें. अंतराची अनिश्चितता तेवढी धरली तर तींत ०.३१ अब्जांची चूक संभवते. प्राणवायूचें प्रमाण वगैरे सर्व धरलें तर ०.८ अब्जांची. विश्वाचें मान्य वय १३.८ अब्ज. काम उत्तम आहे. आक्षेप मथळ्याला आहे. ‘महास्फोटानंतर लवकरच जन्मलेला, सूर्याच्या शेजारचा तारा’ असा त्याचा आशय. हें विधान ताऱ्यानें केलेलें नाहीं. तारा म्हणतो तेरा अब्ज सहासष्ट कोटींपासून पंधरा अब्ज सव्वीस कोटींपर्यंत कोठेंहि. त्यांतला बहुतेक पट्टा महास्फोटाच्या पलीकडे पडतो. मथळ्यानें तो पट्टा न्यायाधीशाच्या निकालाला टेकवून उरलेला भाग मुकाट्यानें कापला. वृत्तपत्रांनीं उलट बाजू घेतली आणि ‘विश्वाहून जुना तारा’ म्हणून डांगोरा पिटला. दोन्ही वाचनांत चुकीची रेघ खोडली गेली. पुढें २०२१ सालीं मेरिडिथ जॉइस व जियानलिंग टँग यांनीं ताऱ्याच्या व्यासाच्या प्रत्यक्ष मापनाचा आधार घेऊन व पोटांतील ढवळण्याचें गणित मोकळें ठेवून त्याच ताऱ्याचें वय १२ अब्ज काढलें, चूक अर्ध्या अब्जाची. ‘लवकरच’ या एका क्रियाविशेषणाचे आतां पावणेदोन अब्ज वर्षें झाले.

कित्येक गणितांत वयाची वरची मर्यादा १३.८ वा १४ अब्ज अशी आधींच घातलेली असते, आणि मग निघालेलें वय विश्वाच्या वयाशीं जुळतें म्हणून समाधान मानलें जातें. निकाल वाचून आलेला साक्षीदार निकालाला पुष्टि देतो यांत नवल तें काय? ज्यांना केवळ आकाशगंगेची वंशावळ लावावयाची आहे त्यांनीं अशी मर्यादा घालण्यास हरकत नाहीं. पण आज पुन्हां एक तंटा उभा आहे. प्लँक उपग्रहाच्या अवशिष्ट प्रारणाच्या मापनावरून विश्वाचें वय १३.८ अब्ज येतें, तेंहि अवघ्या दोन कोटींच्या फरकानें. जवळच्या दीर्घिकांच्या प्रसरणाचा वेग त्या आराखड्यांत घातला तर तें तेराच्या आंत येतें. अशा वेळीं जुन्या ताऱ्यांना पुन्हां साक्षीस बोलावलें जाणार, आणि त्यांच्या साक्षीचें मोल त्यांनीं वादीप्रतिवादींचे कागद वाचलेले नाहींत यावरच अवलंबून राहणार.

या दृष्टीनें २०२३ सालचें चॅबॉयर यांच्याच गटाचें मेसिए ९२ या गुच्छाचें मापन वाचण्यासारखें आहे. त्यांनीं हजारों संभाव्य गृहीतसंच घेऊन प्रत्येकाशीं गुच्छाचें चित्र ताडून पाहिलें आणि वय १३.८० अब्ज, चूक ०.७५ अब्ज, असें दिलें. पहिला आंकडा विश्वाच्या वयाशीं तंतोतंत जुळतो, म्हणून तोच सर्वत्र उद्धृत होईल. वाचावयाचा तो दुसरा, कारण त्यांतला मोठा वांटा अजूनहि अंतराच्या अनिश्चिततेचा आहे, आणि त्या अनिश्चिततेपोटीं हा गुच्छ साडेचौदा अब्जांचाहि असूं शकतो व तेरा अब्जांचाहि. शिवाय ज्या गृहीतावर पंगतीची सगळी उपमा उभी, कीं सर्वजण एकाच वेळीं बसले, तेंहि आतां पूर्वींइतकें निर्धास्त राहिलेलें नाहीं. ओमेगा सेंटॉरींत २००४ सालीं निरोगी ताऱ्यांची एक रेघ दिसण्याऐवजीं दोन दिसल्या.

अगदीं निराळ्या प्रकारचा एक साक्षीदार २००१ सालीं पुढें आला. रॉजे कायरेल व इतरांनीं सी. एस. ३१०८२-००१ या ताऱ्याच्या प्रकाशांत युरेनियम ओळखलें. थोरियम निम्मा होण्यास सुमारें चौदा अब्ज वर्षें लागतात आणि युरेनियम साडेचार अब्जांत. दोघांचें उरलेलें प्रमाण पाहून वय काढतां येतें, आणि त्यांत ना गुच्छाचें अंतर लागतें, ना आडवी शाखा, ना पोटांतील ढवळणें. त्यांचा आंकडा १२.५ अब्ज, चूक तीन अब्जांची. इतक्या ढोबळ आंकड्याला वृत्तपत्रांत जागा मिळत नाहीं आणि विश्वाच्या वयाच्या वादांत त्याचा उल्लेख बहुधा तळटीपेंत होतो. मला तो मेसिए ९२ च्या आंकड्याइतक्याच आदरानें वाचावासा वाटतो.